डागडुजीची बातमी

४ जून

प्रिय भाऊजी,

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे जिवंत आहेत. आशीर्वाद आहेतच; ते काही पत्र लिहिलं तरच पोचतात असं नाही.

तुम्ही म्हणू की तू, यातच एक कागद वाया गेला. मी या घरात आले तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झालेली आणि तुम्ही मॅट्रिकला बसलेले. पहिल्या दिवशी मी ‘अहो भाऊजी’ म्हटलं तर तुम्ही मागे वळून बघितलंत, आपल्या मागे कोण उभं आहे म्हणून. त्या दिवसापासून तू. पण आता तुम्ही एवढ्या मोठ्या पेपराचे संपादक, दाराशी शिपाई असणार, तेव्हा तुम्हीच बरं. मध्येच तू झालं तर सवयीचा दोष समजा.

कागद हातात घेतल्याबरोबर ओळखला असेल. आपल्या छापखान्यात रिळाच्या शेवटी जो कागद उरायचा तो मी कापून, शिवून ठेवायचे. छापखाना बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, माझे कागद अजून पुरतायत. ‘वहिनीचं अर्थखातं’ म्हणून हसायचात ना? हसा. अर्थमंत्री बदलले, माझं खातं तेच आहे.

आता कामाचं. तुमच्या पेपरात आमच्या शहराचं जे पान येतं त्यात आपल्या गल्लीबद्दल छापून येतंय. महापौरांना छापखान्याच्या जागेवरून रुंद रस्ता काढायचाय. निवडणूक तोंडावर आहे, तिच्या आधी नारळ फोडायचा. रस्त्याच्या वाटेत आपली गल्ली. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही ‘छापखान्यामागची जुनी वसाहत’ होतो. मग ‘दाटीची वसाहत’ झालो. दाटी कुठून आली देव जाणे; नवीन कोणी राहायला आलं नाही, उलट पोरं शिकून बाहेर गेली. मग ‘धोकादायक’ झालो. मग नुसतंच ‘अडथळा’. आणि परवा ठळक अक्षरांत आलं, ‘वसाहत हलवणार’.

हा शब्द कोणाचा हे तुम्हाला सांगायला नको. ज्याच्यापायी तुम्ही या घराचा उंबरा ओलांडून गेलात तो, तुमच्या दादाचा शब्द आज तुमच्या पेपरात आपल्याच घरावर आलाय. 

घर वाचवा असं मी म्हणत नाही. ते देवाच्या हातात आहे. पण पाडणार असतील तर ‘पाडणार’ असं छापा, एवढंच मागणं. हरकत घ्यायची मुदत महिनाअखेरीची आहे, पण ते आत, शेवटच्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. वर ‘हलवणार’ वाचून आत कोण जातं? कोपऱ्यावरचे घड्याळवाले मला म्हणाले, “हलवणार म्हणजे जरा मागे सरकवणार असतील, नाही का?” घर म्हणजे काय कपाट आहे, मागे सरकवायला!

यांची तब्येत बरी आहे. दोन्ही डोळ्यांवर पडदा आलाय. डॉक्टर म्हणतात, आधी रक्तदाब खाली आणा, मग डोळ्यांचं बघू. सकाळी देवापुढे दिवा लावला की मी पेपर वाचून दाखवते. तुमचाच. हो, तुमचाच घेतो आम्ही. “त्याचा आहे म्हणून नाही, टाइप मोठा आहे म्हणून,” असं हे म्हणतात. आता टाइप केवढाही असो, यांना सगळा सारखाच. पण बोलायची सोय नाही.

या पत्राचं यांना ठाऊक नाही.

तुमची वहिनी


१३ जून

प्रिय भाऊजी,

उत्तर आलं नाही. संपादकाला हजार कामं, मी समजू शकते. समजून घेणं हे माझं जुनं खातं.

आज माळ्यावर आवराआवर केली. कसली म्हणून विचारू नका. घर रिकामं करायची वेळ आली तर एकदम नको, म्हणून आतापासून थोडं थोडं. त्यात तुमचा छापखान्यातला सदरा सापडला, बाहीवर शाईचा डाग असलेला. तो घालवायला मी किती साबण झिजवला याचा हिशेब तेव्हाच्या वहीत असेल, पण डाग तसाच आहे. सदरा पुसायचं फडकं म्हणून घेणार होते, मन झालं नाही, पुन्हा घडी घातली.

मग तिथेच शिडीवर बसून राहिले. काय दिवस होते! आपला पेपर संध्याकाळचा, म्हणून पान छपाईला सोडायची घाई दुपारी. तुम्ही दोघं भाऊ एकामागून एक धावत घरी, हातात ओला कागद, दोघांची बोटं काळी. मी ओरडायची, “आधी हात!” आणि तुम्ही हात धुता धुता मथळे वाचायला लागायचात. मी वाढत असायची. मथळा ऐकून माझी पळी थांबली तर शब्द बदलायचा, न थांबता वाढत राहिले तर पान सोडायचं, असा तुमच्या दादाने नियमच केला होता. छापखान्यातले जुळारी शिशाच्या अक्षरांचे खिळे लावून बसलेले असायचे आणि निरोप जायचा, “थांबा, वहिनींची पळी थांबली.” मला काय कळायचं राजकारणातलं! कधी कधी पळी नुसती आमटी संपली म्हणून थांबायची, आणि तुम्ही दोघं बिचारे चांगला शब्द खोडून टाकायचात. मी काही बोलायची नाही. एवढा मान कोणाला मिळतो?

ते ‘दर सुधारणा’ आठवतं? सरकारी पत्रकात आलं होतं, साखरेच्या दरात सुधारणा. मी वाढत राहिले. सुधारणा म्हणजे चांगलंच ना! दुसऱ्या दिवशी जेवढ्यास तेवढे पैसे घेऊन दुकानात गेले आणि रिकामी पिशवी हलवत परत आले. दर वाढले होते. तुम्ही जेवता जेवता उठून उभे राहिलात, “बघ दादा! पत्रकातला शब्द छापला की आपल्या घरातली बाईसुद्धा फसते.” आणि हे शांतपणे म्हणाले, “फसली नाही, साखर वाचली.” किती हसलो होतो तिघं. मग त्या दिवसापासून आपल्या पेपरात ‘दरवाढ’. मंत्र्यांच्या कचेरीतून फोन आला तरी दरवाढच.

आता इथलं ऐका. तुमचा वार्ताहर गल्लीत आला होता, पोरगेला, नम्र. घड्याळवाल्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एवढंच म्हणाले, “साहेब, जे काय करायचं ते करा, पण आम्हाला एकदा विचारा तरी.” दुसऱ्या दिवशी छापून आलं, ‘रहिवाशांचा इशारा’. घड्याळवाले पेपर घेऊन माझ्याकडे आले. “वहिनी, मी विनंती केली हो. इशारा कधी दिला? मी आयुष्यात गजराच्या घड्याळाशिवाय कोणाला इशारा दिलेला नाही.” दुपारी पोलीस चौकशीला. त्या दिवसापासून ते दुकानाची फळी अर्धीच उघडतात.

आणखी एक गंमत. तुम्ही घर सोडलंत त्या वर्षी कालव्याकाठची वसाहत गेली तेव्हा जे खुर्चीवर होते ते ‘स्थलांतर’ म्हणत होते, आणि जे बाहेर होते ते ‘हुसकावलं हो, हुसकावलं’ म्हणून ओरडत होते. आता खुर्च्यांची अदलाबदल झाली तसे शब्दही अदलाबदल करून बसलेत. ‘हुसकावलं’वाले आज ‘हलवणार’ म्हणतात, आणि ‘स्थलांतर’वाले परवा आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन ‘विस्थापन थांबवा’ म्हणून घोषणा देऊन गेले. चपला बाहेर काढून ठेवाव्यात आणि जाताना दुसऱ्याच्या घालून जावं तसं.

मुदत महिनाअखेरीची आहे, विसरू नका.

आणि हो, मागच्या पत्रात एक लिहायचं राहिलं. यांना गल्लीच्या बातमीचं फारसं काही वाटत नाहीये. डागडुजी होईल म्हणतात. तेव्हा यांची काळजी नको.

तुमची वहिनी


२१ जून

प्रिय भाऊजी,

तुमच्याशी खोटं बोलून मला दोन दिवस जप करवेना. माळ हातात घेतली की तेच वाक्य समोर येतं.

यांना डागडुजी वाटते, कारण मी तसं वाचून दाखवते.

सुरुवात सहज झाली. ‘धोकादायक’ आलं त्या सकाळी यांच्या कपाळावरची शीर उडत होती. माझ्या तोंडून आपोआप ‘जुनी’ बाहेर पडलं. काय बिघडलं, जुनी तर आहेच. दुसऱ्या दिवशी ‘अडथळा’ होता, तो मी गाळला. आणि ‘वसाहत हलवणार’ आलं तेव्हा तर माझी जीभच उचलेना. यांचा शब्द, धाकट्याच्या पेपरात, स्वतःच्या घरावर. हे यांना ऐकवू? मी वाचलं, ‘वसाहतीची डागडुजी होणार’. हे म्हणाले, “चांगला मथळा आहे. सुटसुटीत.” मला तर बाई जरा बरंच वाटलं. मॅट्रिकची बाई, यांनी मथळा वाखाणला!

पण काल सगळं अंगाशी आलं. पाण्याच्या टाकीपाशी गल्लीतली माणसं जमली होती. समोरच्या शिवणवाल्या ताई हरकतीचा अर्ज लिहून घेऊन आल्या होत्या. मशीन खिडकीत, त्या उजेडावर त्यांचं पोट. घर गेलं तर उजेड गेला. त्यांचं बघून आणखी चारजण लिहिणार होते. म्हणाल्या, “दादांना विचारू आधी. आयुष्यभर बातम्या तपासल्यात त्यांनी.” आणि हे काठी टेकत उभे राहिले.

“कसली हरकत घेताय?” म्हणाले. “मी रोज सकाळी पेपर ऐकतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. डागडुजी होणार आहे. हरकत घेतलीत तर तीही होणार नाही. हात दाखवून अवलक्षण.”

घड्याळवाले चाचरत म्हणाले, “पण दादा, मी तर ‘हलवणार’ असं वाचलं.”

“घड्याळवाले, तुम्ही भिंग लावून एकेक चाक बघता तसं एकेक अक्षर बघत बसता. बातमी सगळी वाचावी लागते.”

माणसं हसली. घड्याळवालेही हसले, “दादा म्हणतात म्हणजे तसंच असेल.” ताईंनी अर्जाची घडी घातली आणि पिशवीत टाकला. मी तिथेच उभी होते, भाऊजी. तोंड उघडलं असतं तर चार माणसांत यांची मान खाली गेली असती. मी मूग गिळून बसले. एकही अर्ज गेलेला नाही आणि दिवस सरतायत. उद्या बुलडोझर आला तर ताई कोणाला बोल लावतील? यांना. आणि यांना बोलायला लावणारी मी.

तुझ्याशिवाय हे कोणाला लिहू? बघ, तू झालं शेवटी.

तुला आठवतं, तू गेलास त्या दिवशीचं? मला फार वेळा आठवतं. तू सकाळीच कालव्याकाठी जाऊन आला होतास. पायांना चिखल, आणि हातात कोणाचंतरी लहान मुलाचं पितळी भांडं. म्हणालास, चिखलात पडलं होतं, कोणाचं ते कळेना, म्हणून उचललं. जेवायला बसला नाहीस. उभ्यानेच दादाशी बोलत होतास.

“पाडली दादा, पाडली. हलवली काय? हलवतात ते गाडगं. माणसं राहत होती तिथे.”

आणि हे म्हणाले, “त्यांना पलीकडे जागा दिलीय असं पत्रकात आहे. पाडली म्हटलं तर संध्याकाळी दगड पडतील, दोन पोरं मरतील. हलवली हे खोटं नाही.”

हे वाईट मनाने म्हणाले नव्हते. यांना खरंच दगडांची भीती होती. दगडापेक्षा वीट मऊ, असं यांचं पहिल्यापासून. पण वीटही डोक्यात बसली की कळतं.

त्या एका दुपारी मला कोणी मथळा वाचून दाखवला नाही. मी पळी हातात घेऊन उभी. ताटं वाढलेली तशीच राहिली. पान ‘हलवली’ घेऊनच गेलं. त्याच आठवड्यात तू गेलास. ते भांडं मी अजून घासते. देवापाशी असतं, त्यात फुलं ठेवते.

लवकर काहीतरी कर. किंवा मला सांग, काय करू.

वहिनी


२६ जून

प्रिय भाऊजी,

तुझं पत्र पोचलं. टाइप केलेलं, खाली सही. तुझ्या कचेरीला शोभेल असं. दोनदा वाचलं. लिहितोस, शब्द आता कोणी बसून निवडत नाही. पालिकेचं पत्रक येतं, त्यातला शब्द पानावर जातो, आणि एकदा गेला की दुसऱ्या दिवशी तोच पुढे चालतो. मध्येच बदलला तर लोक विचारतात, मग काल खोटं छापलं होतं का? निवडणुकीच्या दिवसांत ‘पाडणार’ लिहिलं तर पेपर विरोधकांचा झाला म्हणतील, मालक बोलावतील. आणि शेवटी, ‘काल जे छापलं तेच आज’ हा नियम मी दादाकडूनच शिकलो.

खरं आहे. यांचाच नियम. तुमच्या घराण्याचा सुंभ जळतो, पीळ जळत नाही, आणि दोघांचा पीळ एकाच बाजूचा.

पण सहीच्या खाली पेनाने एक ओळ आहे: दादाच्या डोळ्यांचं लवकर बघ. वरचं सगळं संपादकांनी लिहिलंय, ही ओळ माझ्या दिराने. मी त्या ओळीला उत्तर देतेय.

तुझी वाट बघण्यात अर्थ नव्हता. परवा सकाळी दिवा लावला, देवाला म्हटलं, यांचा रक्तदाब आता तू सांभाळ. आणि पेपर उघडून जसं होतं तसं वाचलं. ‘वसाहत हलवण्याची तयारी पूर्ण’. हळूच नाही, नेहमीच्या आवाजात.

हे म्हणाले, “पुन्हा वाच.”

पुन्हा वाचलं.

“आजचं आहे?”

“आजचं आहे. आधीही येऊन गेलंय.”

“आणि डागडुजी?”

“ती माझी.”

 मी पाण्याचा पेला पुढे केला, तो तसाच. मग म्हणाले, “बातमी बदलायचा अधिकार तुला कोणी दिला?”

“तुमच्या रक्तदाबाने.”

“मी उभा राहून त्यांना थांबवलं. तुझ्या भरवशावर.”

“हो.”

मला वाटलं आता भांडं आपटतील, आवाज चढेल. काही नाही. उठले, सदरा घातला, गुंड्या एक घर चुकवून लावल्या, मी पुढे झाले तर हात झटकला. काठी घेतली. दाराशी थांबून म्हणाले, “पुढे हो. घरं दाखव.”

आपल्याच गल्लीतली घरं मी यांना दाखवत चालले होते, भाऊजी. एकेक दार वाजवायचं. हे उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणायचे, “मी चुकीचं सांगितलं. घरं पाडणार आहेत. हरकत लिहा.” माझं नाव एका दारात घेतलं नाही. ‘हिने असं वाचलं’ म्हणाले असते तर कोणी अडवलं होतं? नाही म्हणाले.

शिवणवाल्या ताई मशीनवरून उठून आल्या. “पाडणार? दादा, पण पेपरात तर हलवणार...”

“पेपरात हलवणार आहे. मी सांगतोय, पाडणार.”

ताईंनी पिशवी पुढे ओढली. अर्ज तिच्यातच होता. घडी उलगडून तिथेच मशीनवर ठेवला आणि म्हणाल्या, “दादा, एक ओळ वाढवू का? आमची हरकत घरं पाडायला आहे असं?” हे म्हणाले, “तीच पहिली ओळ करा.”

घड्याळवाल्यांनी आधी दुकानाची फळी पूर्ण उघडली आणि मग अर्ज लिहायला बसले. म्हणाले, “एकदा इशारा दिलाच आहे म्हणतात, तर आता देऊन टाकतो.”

घरी आल्यावर हे खुर्चीत बसले. धाप लागली होती. मी पाठीवरून हात फिरवत होते. मला वाटलं डोळा लागला. तर म्हणाले, “कालव्याकाठची माणसं पुढे कुठे गेली गं?”

 एवढी वर्षं या घरात त्या कालव्याचं नाव निघालं नव्हतं. तुला माहीत असेल तर मला नको, यांना सांग.

रक्तदाब तपासला. आहे तेवढाच आहे. माझाच वाढला असेल.

तुझी वहिनी


८ जुलै

प्रिय भाऊजी,

आधी बातमी, मग रडगाणं. सगळ्या घरांचे अर्ज मुदतीत गेले. आम्ही रांगेत उभे होतो तर खिडकीतला कारकून म्हणाला, “अहो, तुम्हाला हलवणार आहेत, चांगल्यासाठी.” घड्याळवाले म्हणाले, “मग आधी तुमची खुर्ची हलवून बघू का?” तो हसला आणि शिक्के मारू लागला. सुनावणी मिळाली. ती होईपर्यंत गल्लीतल्या विटेला हात लावणार नाही, असं लेखी दिलंय. पुढे काय होईल ते देवाला ठाऊक. कदाचित पाडतीलही. पण विचारल्याशिवाय नाही.

आता काल सकाळचं. पेपर उघडला आणि मथळाच समोर. पहिल्याच पानावर. ‘छापखान्यामागची घरं पाडण्यास रहिवाशांची हरकत’. पाडण्यास! मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. तुझ्या मालकांनी तुला बोलावलं असेल, मला कल्पना आहे. काय बोलले, किती बोलले, ते तू सांगणार नाहीस, मी विचारणार नाही.

मी वाचून दाखवलं. माझा आवाज कापत होता, तेच चुकलं.

हे म्हणाले, “काय वाचलंस?”

पुन्हा वाचलं.

“छापलंय काय ते वाच.”

“अहो, हेच छापलंय!”

“हे बघ,” म्हणाले, “एकदा फसलो. माझ्या भावाला मी ओळखतो. पेपरचा नियमही ओळखतो. काल हलवणार आणि आज पाडणार, असं होत नाही. तुला वाटलं, यांना बरं वाटेल. डागडुजी केलीस तू पुन्हा.”

आता काय करावं! मी देवाची शपथ घेतली. तर म्हणाले, “देवाला मध्ये आणू नकोस, तो पेपर वाचत नाही.” मी पेपर घेऊन घड्याळवाल्यांकडे धावले. ते आले, भिंग डोळ्याला लावून अक्षर अक्षर वाचलं. हे म्हणाले, “तुम्ही हिला सामील.” शिवणवाल्या ताई आल्या, त्यांनी वाचलं. “तुम्हीही सामील.” ताई म्हणाल्या, “दादा, मग आता रस्त्यावरचा कोणी अनोळखी पकडून आणू?” तर म्हणे, “त्यालाही हिने चहा पाजला असेल.” ताई पदर तोंडाला लावून हसत गेल्या. मला हसू येईना. संसार झाला एवढा, हिशेबात कधी एक पै इकडची तिकडे केली नाही, आणि आज माझ्या वाचण्यावर यांचा काडीचा विश्वास नाही.

दुपारी मी आत काम करत होते. बाहेरून हाक आली.

“किती कॉलमी आहे?”

“चार.”

“पानाच्या घडीवर की घडीखाली?”

“वर.”

थोड्या वेळाने पुन्हा. “कुठून सुरू होतो? हात ठेव.”

मी यांचा हात धरून मथळ्यावर ठेवला. हे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट नेत राहिले, जसं काही खिळे अजून उमटलेले आहेत. मग म्हणाले, “खरं असेल तर त्याने स्वतः येऊन वाचून दाखवावं. त्याचा आवाज मी ओळखतो. मग मानीन.”

पेपर उशाशी घेऊन झोपले. आज सकाळी मी रद्दीत टाकायला उचलला तर झोपेतच हात घट्ट झाला. मी सोडून दिला.

तेव्हा बाबा रे, हे काम आता माझ्या हातात राहिलेलं नाही. सुनावणी मंगळवारी आहे. सोमवारी सकाळी पोचशील असा निघ. सोमवारचा पेपर मी उघडणार नाही, तू येऊन यांना वाचशील म्हणून घडीच ठेवते.

तुझी वहिनी